मावशीच्या गटाची बँकेची फाईल

आठवडाभर ऑफिसचं काम करून डोळ्यांचं भरीत होतं आणि रविवारी नातेवाईक फायली घेऊन हजर. ‘तुला कॉम्प्युटर येतो ना?’ येतो बाई, पाप केलंय. त्या रविवारी कळंबची मावशी कर्जतला माझ्याकडे आली. ती तिथल्या बायकांच्या बचत गटाची खजिनदार. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हिशेब मांडायचा होता, आणि जमतात तेवढे पैसे बँकेत जात नाहीत अशी कुजबुज गावात सुरू झाली होती. मावशीला ती बंद करायची होती, बस.

बँकेच्या साइटवरून वर्षभराच्या व्यवहारांची फाईल उतरवली. अशा फायली वाचून नोंदी नीट लावून देणारी एक तयार कोड लायब्ररी असते. ती लावली, बेरीज केली. मावशीच्या वहीपेक्षा जमा कमी भरली. पुन्हा चालवली, तेवढीच कमी. मावशी शेजारीच बसली होती आणि आकडे तिला वाचता येतात.

मला वाटलं, भांडेल. तर म्हणाली, “आसंल गं. माज्याच हातून कुठं तरी राह्यलं आसंल.”

इतका संताप आला मला! तिचा, मशीनचा, त्या कुजबुजणाऱ्या बायांचा. “गप बस गं जरा,” म्हटलं. ती फोन घेऊन बाहेर गेली.

मी मूळ फाईल उघडून ओळीन् ओळ वाचायला बसले. डोकं नुसतं ठणकत होतं. बँकेतली शेवटची शिल्लक तर बरोबर होती, मग घोळ कुठे? मग एकाच तारखेच्या, एकाच नावाच्या ओळी दिसल्या आणि मावशीने मागे सांगितलेलं आठवलं. गटातल्या वाडीवरच्या बायांकडे फोन नाहीत. त्या आपला हप्ता रोख एकीच्या हातात देतात. ती रिसॉर्टमध्ये कामाला जाते, तिथे रेंज मिळते, तिथून ती पाठवते. पण एकत्र नाही, प्रत्येकीचा वेगळा! एकत्र पाठवला तर आपला हप्ता दुसरीच्यात मिसळला, असं बायांना वाटतं. म्हणजे तारीख तीच, नाव तेच, रक्कम तीच. लायब्ररीने ठरवलं की एकच नोंद चुकून पुन्हा पुन्हा आलीय. एक ठेवली, बाकीच्या टाकून दिल्या. लायब्ररीतली ती दुबार नोंदी गाळायची सोय बंद केली आणि पै न् पै जुळली.

“मावशे, सगळे आहेत गं पैसे!” मी ओरडतच बाहेर गेले.

ती पायरीवर बसली होती. तेवढ्या वेळात तिने गटाच्या अध्यक्षबाईंना फोन करून सांगून टाकलं होतं, चूक माझी, कमी पडतात ते मी भरते. अध्यक्षबाई म्हणजे तिची लग्नापासूनची शेजारीण, दोघींचा दुपारचा चहा रोज एकत्र.

“मग लाव ना परत फोन! सांग, चूक नव्हतीच म्हणून.”

“सांगते की.” पण फोन तसाच मांडीवर राहिला. “मी भरते म्हनलं, तं ती काय म्हनली ठावं हाय? म्हनली, मला वाटलंच होतं.”