काकूंच्या हॉलमधले दिवे

बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, काकूंचं शिलाई मशीन सव्वीस वर्षं होतं. नवे कपडे त्या शिवत नसत. चेन बसवणं, कंबर सैल करणं, पँट खालून आखूड करणं, अशीच कामं. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

मशीनच्या बरोबर वर ट्यूबलाइट होती. सोफ्यावर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे ढीग, त्यामुळे तिथे बसायची सोय नव्हती. काका पोस्टातून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळ स्वयंपाकघरात काढायचे. जेवणही तिथेच, एकटे. काकू मशीनवरूनच सांगायच्या, "तुम्ही घ्या जेवून, माझं एवढं होऊ दे." ते एवढं साडेनऊपर्यंत चालायचं.

त्यांची मुलगी परगावी नोकरीला होती. सुट्टीत आली आणि पहिल्याच संध्याकाळी डोळे बारीक करून म्हणाली, "आई, हा हॉल आहे की ऑपरेशन थिएटर?"

"काम चालतं इथे," काकू मान वर न करता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीने पाच स्मार्ट बल्ब आणले आणि टीव्हीमागे चिकटवायची दिव्यांची पट्टी आणली. ट्यूब उतरवली. आता उजेड मोबाइलवरून कमीजास्त करता येत होता, पांढऱ्याचा पिवळा करता येत होता. संध्याकाळी सहाला तो आपोआप मंद पिवळा होईल असंही तिने लावून दिलं. आई मोबाइलच्या नादी लागत नाही, म्हणून सगळं काकांच्या मोबाइलमध्ये घातलं आणि रविवारी ती गेली.

मंगळवारी सकाळी काकूंनी आदल्या संध्याकाळी शिवलेली पँट खिडकीच्या उजेडात धरली. पँट गडद निळी होती, दोरा काळा. पिवळ्या उजेडात दोन्ही सारखेच दिसले होते. गिऱ्हाइकाच्या ध्यानातही आलं नसतं. काकूंनी तरी दोन्ही पाय उसवले आणि पुन्हा शिवले.

"हे काढून टाका. माझी ट्यूब लावा," त्या काकांना म्हणाल्या.

काकांनी स्टूल आणलं, पण चढले नाहीत. "पांढरा करून देतो की. सांगशील तेव्हा."

"आणि दरवेळी मी आतपर्यंत हाका मारू?"

"मग मी इथेच बसतो."

त्यांनी सोफ्याचं एक टोक रिकामं केलं आणि बसले. सहाला खोली पिवळी झाली. "अहो, पांढरा," काकू म्हणाल्या. काकांनी केला. साडेनऊला काम थांबलं तेव्हा त्यांनी पुन्हा पिवळा केला.

पुढे काकांनी एक खोडी सुरू केली. रोज ते आदल्या दिवसापेक्षा पाच मिनिटं आधी पिवळा करू लागले. समोर दिसेनासं झालं की काकू मशीन झाकायच्या. साडेनऊचे नऊ झाले, नऊचे साडेआठ. वेळ पावणेआठवर आली तेव्हा काकू म्हणाल्या, "मी घड्याळ बघत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

काकू बॉबिन काढत होत्या. "डोळे दुखत होते," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मानही."

तेव्हापासून काम साडेसातला थांबतं. 'उद्या सकाळीच हवंय' म्हणणारी दोन गिऱ्हाइकं पलीकडच्या टेलरकडे गेली. एक परत आलं, दुसरं नाही. कपड्यांसाठी काकांनी एक जुनं कपाट मिळवलं आणि सोफा मोकळा झाला. दोघं आता हॉलमध्येच जेवतात, ताटं मांडीवर घेऊन.

मुलीने फोनवर विचारलं, "दिवे आवडले का?"

"बरे आहेत," काकू म्हणाल्या. कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नाही.

जेवणानंतर फार गप्पा होतात असंही नाही. काका पेपर उघडतात, अक्षर लागत नाही म्हणून उजेड वाढवतात. काकू कमी करायला सांगतात. काका कमी करतात आणि पेपरची घडी घालून ठेवतात.