टाकीतला निळू

वाचणाऱ्यांनो, आधीच हात जोडतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही. नटाला कुठला पाना बसेल ते मी लांबून सांगतो, पण अक्षराला कुठली वेलांटी बसेल ते जवळून बघूनही कळत नाही. शब्दही आपले साधेच. पण माझी फजिती कशी झाली ते सांगायला भारी शब्द कशाला लागतात? चहा घ्या आणि ऐका.

मी वरोऱ्याकडचा. घुग्घुसला ट्रकच्या गॅरेजात डिझेल इंजिनाचं काम शिकलो आणि मग सिरोंच्याला एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. सिरोंचा म्हणजे गोदावरीचा काठ. पलीकडे तेलंगणा. बाजारात गेलात तर अर्धं बोलणं तेलुगू. पहिल्याच दिवशी उस्तादांनी विचारलं, "काय बे परमोद, तेलुगू समजते ना?"

आता मी पडलो लाजरा. नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं. मान हलवायला काय लागतं? मी मान हलवली.

झालं! सगळं रामायण त्या मानेपासून सुरू झालं.

तसं अगदीच काही येत नव्हतं असं नाही हं. पैन म्हणजे वर, किंद म्हणजे खाली, कोंचम म्हणजे थोडं, गारू म्हणजे राव. एवढ्या भांडवलावर माणूस किती दिवस ढकलेल? मी मात्र ढकलत होतो. गिऱ्हाईक बोललं की मान हलवायची आणि सरळ इंजिन उघडायचं. इंजिनाला भाषा नसते, हे केवढे उपकार!

एके दिवशी उस्ताद पार्ट आणायला चंद्रपूरला निघाले. जाता जाता म्हणाले, "मी नसताना एक तरी मशीन एकट्यानं चालू करून दाखव. मग तुले हेल्पर म्हणणार नाई. मिस्त्री म्हणीन."

मिस्त्री! अहो, त्या एका शब्दासाठी मी किती वर्षं डिझेलमध्ये हात बुडवले होते. हेल्परला लोक 'ए' म्हणतात, मिस्त्रीला 'अहो' म्हणतात. मी तर आईला फोन करून सांगूनही टाकलं की झालोच समज.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मल्लन्नाचा. हा नदीपलीकडून धान कापायची मोठी मशीन घेऊन आलेला ड्रायव्हर. उन्हाळी धान कापणीला आलेलं, आदल्या रात्री अवकाळी पाऊस झालेला आणि आभाळ पुन्हा भरून आलेलं. मल्लन्नाला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. आणि मला तेलुगूच येत नव्हती.

"मिस्त्री गारू! टँकलो निळू पड्डाई!"

मी ताडकन उभा राहिलो. टँक कळलं. निळू कळलं. आणि पड्डाई म्हणजे पडला, हे काय कोणी शिकवावं लागतं?

"निळू? टँकमध्ये?"

"हां, हां! निळू! रात्रि पड्डाई!"

रात्री पडला! आणि हा गडी सकाळी फोन करतो!

"मोठा हाय का लहान?" मी ओरडलो.

त्याला काय कळलं देव जाणे. म्हणाला, "कोंचम! कोंचम निळू!"

कोंचम म्हणजे थोडा. थोडा निळू म्हणजे लहानगा निळू.

"डिझेल पैन, निळू किंद!" एवढं बोलला आणि रेंज गेली.

डिझेल वर आणि निळू खाली! आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी दुकानातून धूम ठोकली ती थेट समोरच्या शेवंताबाईंच्या चहाच्या टपरीवर. बाईंचा आवाज असा की नदीपलीकडची गिऱ्हाइकंही चहाला यावीत.

"काऊन बे परमोद? तोंड असं काऊन झालं तुयं?"

"बाई, मल्लन्नाच्या मशीनच्या डिझेल टाकीत निळू पडला!"

"अगा माय माय! कोणाचा निळू?"

"ते मले नाई माहीत. पण लहान हाय. रात्रीपासून डिझेलखाली हाय!"

इथेच सगळा घोटाळा झाला बघा. टपरीवरचा प्रत्येक माणूस तेलुगू जाणणारा. मल्लन्नाचं वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं असतं, तर तिथल्या तिथे विषय संपला असता. पण मी मोठा पंडित! मी ते मराठी करून सांगितलं. मग कोणाला शंका येणार?

उलट लोकांनी निळूला घरदारसुद्धा दिलं.

"तलावाजवळच्या घरचा असंल."

"अबे, त्याचं नाव नीलेश हाय."

"मंग! नीलेशलेच घरी निळू म्हणत असतीन."

"काल दिसला नाई खरं तो!"

संपलं! निळूला आता बाप मिळाला, आई मिळाली, पत्ता मिळाला. कोणी दोर काढला, कोणी शिडी. मासे धरणाऱ्या एका भाऊंनी जाळं खांद्यावर टाकलं. शेवंताबाईंनी चुलीवरचा चहा तसाच उतरवला, चादर आणि खोबरेलाची बाटली घेतली आणि टपरीसमोर उभ्या असलेल्या पिकअपमध्ये सगळ्यांच्या आधी चढून बसल्या. "डिझेलनं आंग जळते लेकराचं," म्हणाल्या.

मल्लन्ना कुठल्या शेतात कापतोय ते सगळ्या गावाला माहीत होतं. आम्ही तिथे पोचलो तेव्हा मशीन धानात उभी आणि मल्लन्नाचा पत्ता नाही. लोकांनी मशीनला गराडा घातला. शेवंताबाई शिडीवर चढल्या आणि टाकीवर थापा मारून ओरडल्या, "निळू! बाळा, ओ दे रे!"

आतून आवाज आला, 'डुबुक.'

"जिता हाय!" सगळे ओरडले.

"परमोद, झाकण उघड!"

मी वर चढलो. झाकण फिरवलं, काढलं, हातात धरलं. आणि हाताकडे बघतच राहिलो. झाकण माझ्या तळव्यात मावत होतं! रोज असली झाकणं उघडणारा मी. त्या तोंडातून मांजराचं पिल्लूसुद्धा आत जाणार नाही, हे मला तोवर सुचलं नव्हतं! मग एक भयंकर विचार आला. निळू नेमका आहे तरी केवढा?

तेवढ्यात बांधावरून मल्लन्ना आला. हातात जेवणाचा डबा. एवढी माणसं बघून बिचारा हरखला. त्याला वाटलं, सिरोंच्यात मिस्त्री बोलावला की सगळा गाव येतो.

"मिस्त्री गारू! नीळ्ळु चूशारा?"

चूशारा म्हणजे पाहिलं का, हे मला मागाहून कळलं. शेवंताबाई शिडीवरच थांबल्या. त्यांनी मल्लन्नाला काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं. मग त्या हळूहळू माझ्याकडे वळल्या.

"परमोद, हा फोनवर काय म्हणला होता? जसंच्या तसं सांग."

"टँकलो... निळू... पड्डाई."

"अबे मुडद्या! निळू नोहे, नीळ्ळु! नीळ्ळु म्हणजे पाणी! टाकीत पाणी पडलं म्हणते तो!"

डिझेल वर आणि पाणी खाली. अहो, पाणी जड, ते खालीच बसणार! हे तर मी घुग्घुसला पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो. झाकणाचं रबर फाटलं होतं, रात्रीच्या पावसाचं पाणी टाकीत उतरलं होतं. कोंचम. बस!

त्यानंतर जे हसू उसळलं, ते मी सांगत नाही. जाळंवाले भाऊ तर बांधावर आडवेच झाले.

मल्लन्ना मात्र आभाळाकडे बघत होता. त्याने मला हाताने खूण केली, फिल्टर?

मी पिकअपकडे पाहिलं. दोर होता. शिडी होती. जाळं होतं, चादर होती, खोबरेल होतं. पान्यांची पेटी आणि फिल्टर दुकानात होते!

एका भल्या माणसाला दुकानाची किल्ली देऊन मोटरसायकलवर पिटाळलं. मल्लन्नाच्या सीटखाली दोन गंजके पाने निघाले, ते घेऊन मी मशीनखाली शिरलो. वाटलं, लोक आता जातील. छे! फुकटचा तमाशा सोडून कोण जातं? सगळे बांधावर रांगेत बसले. मी टाकीच्या बुडाचा नट सैल केला, पाणी डब्यात पडायला लागलं, आणि वरून सुरू झालं.

"पाय निघाला निळूचा!"

"डोक्स्याकडून काढ बे, अडकंल तो!"

"शेवंताबाई, चादर आणा, लेकरू ओलं हाय!"

मी मशीनखाली पडून होतो, हे किती बरं! तोंड तरी दिसत नव्हतं. पाणी संपून स्वच्छ डिझेल येईपर्यंत टाकी सोडली. पाणी वेगळं करणारी वाटी उघडून पुसली. तोवर फिल्टर आला, तो बदलला. मल्लन्नाने स्टार्टर मारला. मशीन खोकली आणि गप्प.

"निळू अजून आतच हाय!" बांधावरून आवाज.

पण हे मला येत होतं. फिल्टर बदलताना लाइनीत हवा शिरलेली. वरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबत राहिलो. फेस आला, बुडबुडे आले, मग नुसतं डिझेल. स्क्रू आवळला.

"मारा भाऊ!"

मशीनने काळा धूर सोडला आणि धडधडायला लागली! बांधावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिले टपोरे थेंब पडायच्या आत मल्लन्नाने बांधापर्यंतचं धान कापून टाकलं. शेवंताबाईंनी खोबरेल परत नेलं, पण जाताना माझ्या डोक्यावर थोडं थापून गेल्या. म्हणाल्या, "आणलंच हाय तं लाव. डोक्स्याले गरज हाय तुया."

संध्याकाळी उस्तादांचा फोन. "मशीन चालू झाली?"

"झाली, उस्ताद."

"एकट्यानं केली?"

"एकट्यानं."

"अन् निळूची तब्येत?"

चंद्रपूरपर्यंत गेलं होतं हो! त्यांनी हसत हसत फोन ठेवला. मिस्त्री हा शब्द काही काढला नाही. मी समजलो, गेलं आपलं मिस्त्रीपण त्या टाकीच्या नटातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतोय तोच फोन आला. अनोळखी नंबर, माणूस मराठी बोलणारा. त्याचा ट्रॅक्टर बंद पडला होता. अगदी अदबीने त्याने विचारलं, "अहो, निळू मिस्त्री हायेत का?"

बघा आता! जन्मात पहिल्यांदा कोणी मला मराठीत 'अहो' म्हणालं, मिस्त्री म्हणालं, आणि तेही निळूच्या नावाने! चूक दुरुस्त करावी तर मिस्त्रीपण जातं. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शेवंताबाई ऐकत नाहीत ना ते पाहिलं, आणि घसा साफ केला.

"बोला भाऊ," मी म्हटलं, "निळूच बोलून राह्यलो."