इंजिनातलं पाणी

२००५ सालच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी दुपारी, माझा नवरा नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या हॉस्पिटलमध्ये वारला.

आदल्या दिवशी त्याने मला एक काम सांगितलं होतं. शेजारच्या काकांना निरोप द्यायचा, इंजिनातलं पाणी काढा, थंडी येतेय. काका म्हणजे निवृत्त डच शिक्षक. त्यांची आणि नवऱ्याची मिळून एक जुनी बोट होती, पोटात डिझेल इंजिन असलेली. दर वर्षी ऑक्टोबर संपता संपता नवरा इंजिन थंड ठेवणारं पाणी काढून अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारं द्रावण, भरायचा. आत राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि लोखंड फोडतं. काका धक्क्यावर उभे राहून विचारायचे, "कॉम्प्युटरवाल्याचे हात इतके काळे कसे?" हा आतून म्हणायचा, "काका, कॉफी निवतेय, ती बघा."

दहाव्या दिवशी काका सुपाचं पातेलं घेऊन आले. पुण्याहून आलेल्या सासूबाई आत पडल्या होत्या. काकांनी दारातच हळू विचारलं, "इंजिनाचं त्याने केलं होतं का? नाहीतर मी उद्या करतो."

बोटीत त्याचा स्वेटर होता, अर्धं वाचून उपडं ठेवलेलं पुस्तक होतं. ते कोणी हलवू नये असं मला वाटलं. मी म्हटलं, "केलंय त्याने."

जानेवारीत धक्क्याजवळचं पाणी गोठलं. आज सांगावं, असं रोज वाटायचं. पण मग आधी खोटं बोलले, हेही सांगावं लागलं असतं. मी चहा करून वाचत बसायचे.

मार्चमध्ये काकांनी मला बोटीवर बोलावलं. इंजिनाला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"विसरला बिचारा," ते म्हणाले. "त्याला बरं नव्हतं, आणि मी जाऊन पाहिलंही नाही. चूक माझीच."

मी मान डोलावली. हॉस्पिटलात नळ्या लावलेल्या असतानाही जो विसरला नव्हता, त्याच्यावर मी तो दोष जाऊ दिला. आणि उरलेला काकांनी उचलला, तोही उचलू दिला.

बोट भंगारात गेली. काका अजून शेजारीच राहतात. नवऱ्याचा विषय निघाला की म्हणतात, "एकदाच विसरला तो." मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.