उलट्या तोंडाची रोवणी

आमच्या आमगावात उमेंद्र कटरेला कोणी फोटोग्राफर म्हणत नाही, झेरॉक्सवाला म्हणतात. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान आणि समोर माझं कापडाचं, त्यामुळे गेल्या चार वर्षांतला त्याचा एकही फोटो माझ्या नजरेतून सुटलेला नाही. त्यानेच सुटू दिला नाही. सेकंडहँड कॅमेरा घेतल्यापासून गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून ताटकळत उभं, आणि हा मोबाईल नाचवत रस्ता ओलांडून माझ्याकडे. "छोटेलाल, हा पाहून सांग बरं."

मी म्हणायचो, "मस्त." माझं मस्त त्याला पुरत नव्हतं. त्याला फोटोग्राफरांचा शब्द हवा होता. इंटरनेटवर त्यांचा एक मोठा ग्रुप आहे, देशभरातले लोक. तिथे फोटो टाकायचा, खाली 'सूचनांचे स्वागत' असं लिहायचं आणि मग जीव मुठीत धरून बसायचं. सूचना यायच्या. क्षितिज वाकडं आहे. उजेड मेलेला आहे. गेल्या वर्षी याने धानाच्या रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा फोटो टाकला, तर एकाने लिहिलं, 'सगळ्या पाठीच पाठी. चेहरे कुठे आहेत?' ते याने वर्षभर मनाला लावून घेतलं.

यंदा जुलैत त्यांच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी होती. बायांच्या पुढे त्याची काकी, अनुसयाबाई. उमेंद्रची आई तो लहान असतानाच गेली, त्याला वाढवलं हिने. साठी उलटली तरी तिच्या हातची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ असते, आणि तिला त्याचा गर्व आहे, लपवत नाही. रोवताना बाया मागे मागे सरकतात. रोवलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तोंडासमोर राहतात आणि पाय कोऱ्या चिखलात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी ऊन दुसऱ्या बाजूला होतं, कोऱ्या पाण्यात आभाळ उतरलं होतं, आणि उमेंद्रला त्या पाण्यात चेहरे हवे होते. त्याने बायांना फिरवून उभं केलं. म्हणजे पाय कुठे? नुकत्याच रोवलेल्या पऱ्ह्यांत.

"अरे बाबू, पऱ्हे तुडवून राहिलो ना आमी," काकी म्हणाली.

"दोनच मिनिटं, काकी. तोंड वर कर."

बाया हसल्या, वाकल्या, तोंडं वर केली. नंतर तुडवलेल्या तीन ओळी काकीने पुन्हा रोवल्या, तोवर हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून कॅमेऱ्याची स्क्रीन पाहत होता. हे त्यानेच मला सांगितलं, पुष्कळ दिवसांनी, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

फोटो गाजला. ग्रुपने तो नागपूरच्या प्रदर्शनासाठी निवडला. त्या प्रदर्शनाचा नियम एकच, कोणाला मुद्दाम उभं करून काढलेला फोटो चालणार नाही. उमेंद्रने फोटोखाली आधीच लिहून ठेवलं होतं, 'मी फक्त धुऱ्यावर उभा होतो. कोणालाही काही सांगितलं नाही.' त्यानेच मला ग्रुपमध्ये घेतलं होतं, मीही 'लाजवाब' लिहून मोकळा झालो. सारा जन्म धानाच्या मुलखात काढला, पण मीही चेहरेच पाहिले.

पाय पाहिले ते प्रेरणा नावाच्या एका बाईने. बोलीवरून आमच्याच भागातली, देवरीकडची असावी, ग्रुपमध्ये तिचा स्वतःचा एकही फोटो नाही. तिने लिहिलं, 'बाया उलट्या तोंडानं काऊन रोवून राहिल्या? पाय तर रोवलेल्या धानात आहेत.'

तिथेच 'चुकलो' म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण याचं टाळकं फिरलं. कटऱ्यांच्या सात पिढ्यांनी धान पिकवलं, आणि या बहाद्दराने उत्तर दिलं, 'आमच्या भागात असंच रोवतात.' मला त्याचा भयंकर राग आला. ग्रुप चालवणाऱ्यांनी सभ्यपणे विचारलं, फोटोतल्या एखाद्या बाईच्या आवाजात तसं रेकॉर्ड करून पाठवाल का?

दुसऱ्या दिवशी तो रेकॉर्डिंग घेऊन माझ्या दुकानात आला. "ऐक," एवढंच म्हणाला.

काकीचाच आवाज, ठणठणीत. "मी अनुसयाबाई कटरे. उमेंद्रनं आमाले काई सांगतलं नाही. आमी असंच रोवतो, पुढं तोंड करून. आमाले असंच येते." मागे बाया खिदळल्या.

"तू शिकवलंस?" मी विचारलं.

"नाही रे. मी फक्त म्हटलं, काकी, माझं नाव खराब होऊन राहिलं. तं म्हणे, थांब, मी बोलतो." त्याचे कान लाल झाले होते. "आमाले असंच येते म्हणे, छोटेलाल. अर्ध्या गावाले रोवणी शिकवली तिनं."

पुतण्याचं नाव राहावं म्हणून ती बाई साऱ्या देशासमोर अडाणी व्हायला तयार झाली होती, आणि तेही हौसेने. मला माझ्या 'लाजवाब'ची लाज वाटली. त्याची काय गत झाली असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तिथेच, माझ्या गादीवर बसून, त्याने ग्रुपवर लिहिलं, 'मी बायांना फिरवून उभं केलं. पऱ्हे तुडवायला लावले. आमच्याकडे असं कोणी रोवत नाही. माझी काकी तर मुळीच नाही.' रेकॉर्डिंग कोणालाही न पाठवता पुसून टाकलं. फोटो प्रदर्शनातून निघाला. लोकांनी जे लिहायचं ते लिहिलं, याने सगळं वाचलं आणि एकालाही उत्तर दिलं नाही.

चार दिवसांनी काकी माझ्याकडे लुगडं घ्यायला आली. तिला पाहून उमेंद्र रस्ता ओलांडून आला.

"काऊन रे बाबू," तिने चारचौघांत विचारलं, "माहं बोलणं आयकलं का त्याइनं? जमलं ना?"

उमेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी लुगड्याची घडी घालत राहिलो.

"हो, काकी," तो म्हणाला. "जमलं."

काकी हरखली. लुगडं काखेत मारून तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मंग पुढच्या साली रोवणीले आधीच सांगजो. आमी पह्यलेच फिरून उभ्या राहू."