काचेतला पाव

नेपल्सला मी बाबांना खायला घालायला नेलं होतं, बघायला नाही. बघण्यासारखं रोममध्ये, जिथे मी नोकरी करते, काय कमी आहे? पण ऑफिसात सगळे म्हणायचे, जेवावं तर दक्षिणेत, नेपल्समध्ये; तिथे आजारी माणूससुद्धा दोन घास जास्त खातो. म्हटलं, चला, हेही करून बघू. बाकी सगळं करून झालं होतं.

आई गेल्यापासून बाबांचं जेवण सुटलं होतं. अकोटच्या घरात ते एकटेच. अकोल्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, शरीरात काही निघालं नाही. अमरावतीहून आत्या डबे घेऊन आली, रडली, भांडली आणि शेवटी मला फोनवर म्हणाली, "घेऊन जाय त्याले तुह्याजवळ. माह्या डोयासमोर वाळून राह्यला, मले पायवत नाही." मी त्यांना घेऊन आले, ज्वारीच्या पिठासकट. पण इथेही चहा आणि बिस्किटं, फार तर एखादं केळ. मी भाकरी केली की ते ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. आता व्हिसा संपत आला होता. पुढच्या आठवड्यात ते त्या रिकाम्या घरात परत जाणार होते, आणि असेच गेले तर मला पुन्हा दिसणार नाहीत, हे मला स्वच्छ कळत होतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

सकाळच्या गाडीने गेलो. आधी टेकडीवरचा राजवाडा पाहिला. तिथे दालनामागून दालनं, राजेरजवाडे, संत, फळांनी भरलेली ताटं. बाबा हात मागे बांधून, सोयरिकीला गेल्यासारखे, अदबीने प्रत्येक चित्रापुढे थांबत आणि "छान हाये" म्हणत. माझं लक्ष चित्रांत नव्हतंच. बाहेर पडल्याबरोबर मी सुरू झाले. बटाट्याचे गरम तळलेले गोळे घेतले. "तू खाय बाई, मी पायतो." खव्यासारखं सारण भरलेली, पापुद्र्यांची मिठाई घेतली. "तू खाय." म्हशीच्या दुधाचं चीज दाखवलं. ज्यांच्या गोठ्यात उभा जन्म म्हशी होत्या त्यांनी ते बोटाने दाबून पाहिलं आणि परत ठेवलं. इवल्याशा कपातली कॉफी तेवढी साखर घालून प्यायली. मी लगेच आत्याला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आन् जेवन?"

दुपारी पिझ्झाच्या दुकानात दाराशीच लाकडाची भट्टी होती. बाबा तिच्यासमोर थांबले. माझ्या आशेला पालवी फुटली. आमच्याकडे शेतात रोडगे व्हायचे तेव्हा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे गोळे भाजायला बाबांनाच बोलावणं यायचं. त्यांच्या हातचा रोडगा कधी कच्चा निघाला नाही, कधी करपला नाही. आता त्यांना भूक लागणार, असं मी मनाशी धरून चालले. पिझ्झा आला, काठाला काळे फोड आलेला. बाबांनी त्या काळ्या फोडांकडे पाहिलं आणि ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

माझं डोकंच फिरलं. "तुमाले मरायचंच हाये का बाबा?" मी ओरडले. "तर मंग अकोटातच मरायचं होतं. मले काहून दाखवून राह्यले?"

वेटर घाबरून धावत आला. त्याला वाटलं पिझ्झात काही खोट आहे. बाबांचा आवाज मात्र चढला नाही. "तसं नाही बाई," ते म्हणाले. "घास उतरतच नाही."

पिझ्झा खोक्यात बांधून घेतला. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात शिरलो. मी रागाने पुढे पुढे चालत होते. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या गावाची भांडी, दिवे, देव. मागे वळून पाहिलं तर बाबा नाहीत. धाप लागेपर्यंत दालनं पालथी घातली. ते एका काचेसमोर उभे होते. आत एक गोल पाव होता, काळा ठिक्कर, वर तुकडे पाडण्याच्या रेघा तशाच.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं. इथे आल्यापासून आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी सांगितलं. डोंगर फुटला, लोक जीव घेऊन पळाले, पाव भट्टीतच राहिला. दोन हजार वर्षं झाली.

"आन् कोणी फेकला नाही?"

"नाही."

ते काचेकडे बघतच म्हणाले, "तुह्या मायची भाकर मी फेकाले लावली."

मला कळेना. आई स्वयंपाकघरात पडली, अकोल्याला नेताना गाडीतच गेली, एवढंच मला माहीत होतं.

"ताट वाढलं होतं माह्यापुढं," बाबा म्हणाले. "तुही माय म्हने, थांबा, गरम देतो, फुगून राह्यली. आन् तशीच पडली. शेजारच्या बाईनं मागून येऊन गॅस बंद केला, तवरीक भाकरीचा कोयसा झाला होता. तिची माती करून घरी आलो त तव्यावर तशीच. बायाईनं विचारलं, भाऊजी, याचं काय करायचं? मी म्हटलं, फेका." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "माह्यासाठीच होती व थे. माह्यासाठीच टाकली होती."

ते रडले नाहीत. रडले मी. इतके दिवस रोज मी त्यांच्यापुढे तव्यावरची गरम भाकरी आणून ठेवत होते, आणि वर खात नाहीत म्हणून बोलत होते. रखवालदाराने काचेला हात लावू नका, अशी खूण केली. बाबांनी काचेवर टेकवलेला हात काढून घेतला.

स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो. एकदम ते म्हणाले, "थो डबा दे."

मी खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी झाकण उघडलं. गार, वातड पिझ्झा. मधल्या चीजला, टोमॅटोला त्यांनी हात लावला नाही. काठाचा काळा, करपलेला तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावत राहिले. मग दुसरा.

"कडू लागत असंन बाबा."

"लागते," ते म्हणाले आणि पुढचा काळा तुकडा शोधू लागले.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. "खाल्लं का गं त्यानं काही?"

"खाऊन राह्यले."

"खरंच?" ती म्हणाली. "काय खाऊन राह्यला, सांग ना व."

मी बाबांकडे बघत राहिले. मला सांगता आलं नाही.