त्या दुपारची दवंडी

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून उभी हयात काढलेला माणूस. आमच्याकडे जागेवर जाऊन, पंच बोलावून पाहिल्याशिवाय मेलेलं जनावरसुद्धा मेलं असं धरत नाहीत. त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा सांगायला उठतो. पण हे मी स्वतः पाहिलंय... निदान अर्धं तरी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन सुग्या झाल्या होत्या. माझं पोस्टिंग दक्षिण सोलापुरात, वळसंगच्या पुढे दोन-तीन कोसांवरच्या एका गावात होतं. गावचा कोतवाल सिद्राम. सरकारचा कुठलाही निरोप असो – सारा भरा, देवी टोचून घ्या – तो हलगी जाळावर शेकून कातडं ताणून घ्यायचा आणि दवंडी देत फिरायचा. आधी मराठीत ‘ऐका हो ऐका’, मग कानडीत ‘केळ्रप्पो केळ्री’. आवाज असा, की शिवाराच्या शेवटच्या बांधापर्यंत जावा.

माघ महिना होता, ज्वारीची काढणी चालू होती. त्या दिवशी वळसंगला सर्कलसाहेबांची मीटिंग होती. हलगी चावडीत खुंटीला होती. मी चावडीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि आम्ही दोघं सायकलींवर निघालो. वाटेत सिद्रामची बायको गौराबाई भेटली. बायकांबरोबर काढणीला चालली होती. आभाळ बरं दिसत नाही, लवकर या, एवढं ती म्हणाली.

दुपारी मीटिंग चालू असतानाच बाहेर काळवंडून आलं. अंगात शिरणारा गार वारा सुटला, म्हणून मी बाहेर डोकावलो. सिद्राम ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. डोळे मिटलेले, आणि बोटं गुडघ्यावर एका लयीत वाजत होती. थंडीनं असेल, असं मला वाटलं. हाक मारली तर ओ देईना. खांदा हलवला तेव्हा कुठे दचकून जागा झाला, आणि तेवढ्यात पहिली गार पत्र्यावर पडली.

सरकारी सूचना म्हणाल, तर आमच्या खात्याला वादळाची खबर लागली ती अशी – डोक्यावरच्या छपरातून. लिंबाएवढ्या गारा. समोरचं झाड दिसेना. “गौरी उघड्यावर हाय, भाऊसाहेब,” सिद्राम सारखा म्हणत होता. मध्येच तो तसाच पळत सुटला, आम्ही चौघांनी धरून आत आणला.

गारा थांबल्यावर निघालो. सायकली चालेनात, हातात धरून ओढल्या. रस्ता पांढराफेक, बाभळींखाली पाखरांचा खच. जिवात जीव नव्हता आमच्या. गावात पोचलो तर गल्लीत माणूस नाही... सगळं गाव शाळेच्या दगडी इमारतीत, आणि जिवंत! मला तर रडूच आलं.

पाटील पुढे आले. “सिद्राम, दवंडी देऊन कुटं गायब झालास? तुज्यामुळं वाचलो की आमी.”

मी सांगितलं, हा सकाळपासून माझ्याबरोबर आहे. कुणी ऐकेना. आभाळ भरायच्या आधीच हलगी वाजली, म्हणे. सरकारचा हुकूम आहे, हातातलं काम टाकून शाळेत चला. दोन्ही भाषांत. सिद्रामला कुणी पाहिलं का, विचारलं. प्रत्येकाला तो पुढच्या बांधावर, पाठमोरा दिसला होता.

सिद्रामचं तिकडे लक्षच नव्हतं. तो बायकांमध्ये गौराबाईला शोधत होता. शेवटी शेजारीण रडत पुढे आली. “मी हात धरून वडलं की तिला. ती हसली. म्हनली, माजा मालक भाऊसाहेबांसंगं वळसंगला गेलाय, ह्यो कुनीतरी चेष्टा करतंय. तुमी व्हा म्होरं, एवढी पात काढून येते.”

त्या पातीच्या, तिच्या वाट्याच्या ओळीच्या टोकालाच ती सापडली. ज्वारीची पेंढी डोक्यावर धरून बसल्या जागी गेली होती. सिद्राम शेजारी बसून तिच्या केसांतल्या गारा वेचत राहिला.

तिला झाकायला घोंगडी हवी म्हणून मी चावडीकडे धावलो. कुलूप जसंच्या तसं होतं. घोंगडी हलगीच्याच खुंटीला होती, ती काढताना हलगीला हात लागला. बाहेर गारांचा थर, माझी बोटं बधिर – आणि कातडं गरम. आत्ताच कुणी जाळावरून काढावं तसं, ताठ. मी हात झटकन मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारसाहेब जीप घेऊन आले. पीठ आलं, कांबळी आली, पंचनामे सुरू झाले. वेळीच इशारा दिल्याबद्दल त्यांनी माझी पाठ थोपटली. मी म्हणालो, साहेब, हुकूम मी दिला नाही, कुणीच दिला नाही. ते हसले. शाळेपुढच्या भाषणात त्यांनी शासनाच्या दक्षतेचं कौतुक केलं, गावानं टाळ्याही वाजवल्या. सिद्राम तिथे नव्हता.

पुढे मी हे बऱ्याच शिकल्या-सवरल्या लोकांना सांगितलं. कुणी म्हणालं भास, कुणी म्हणालं दुसराच कुणी असेल. त्या गरम कातड्याचं मात्र कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

सिद्रामनं पुन्हा हलगीला हात लावला नाही. माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, “समदी म्हनत्यात मीच हुतो. आसंल. पर गावाला हाका मारीत फिरलो, तर तिच्याम्होरं जाऊन हुबा का न्हाय ऱ्हायलो?”

मी म्हणालो, सिद्रामप्पा, तू तर माझ्याबरोबर वळसंगला होतास.

“व्हय,” तो म्हणाला, “ती बी हेच म्हनली हुती.”