खंयच्या पानार?

"खंयच्या पानार?" असं विचारताना मावशी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायची आणि तिचं टोक काउंटरवर टेकवून उभी राहायची. मालवणी न येणाऱ्यांसाठी सांगते: कोणत्या पानावर? परळच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ती शिपाई होती. पुस्तकं लावायची, फाटलेली चिकटवायची, खाकी कव्हरं घालायची आणि दुपारी डबा खाताना त्यातलंच एखादं वाचायची. शिक्षण दहावी. तुमच्याही कॉलेजात अशी एखादी मावशी असेल. तुम्ही तिच्या हातून पुस्तक घेतलं असेल आणि तिच्याकडे पाहिलं नसेल.

कुणी म्हणालं, "मावशी, हा लेखक बोअर आहे," की पेन्सिल बाहेर. "खंयच्या पानार?" कॅन्टीनवाला एकदा सांगत होता, प्राचार्य आपल्यावर जाम खूश आहेत. त्यालाही तोच प्रश्न. आम्ही पोट धरून हसलो. माझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्या वर्षाला मराठीच्या सरांनी एका कथेवर समीक्षात्मक निबंध लिहायला सांगितला. चांगला असेल तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार होता. माझ्या घरात कुणी वर्तमानपत्राला पत्रसुद्धा लिहिलं नव्हतं. मला लेखिका व्हायचं होतं आणि हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. कथा एका विधवा सुनेची आणि तिच्या सासूची. मी एका दमात चार पानं लिहिली. 'समाजमनाचे विदारक दर्शन', 'क्रूर सासूचे प्रभावी चित्रण', गाइडात मिळतं ते सगळं. मावशीने टेबल पुसता पुसता ते वाचलं.

"सासू क्रूर? खंयच्या पानार?"

"सगळीकडेच आहे हो, मावशी."

"सगळीकडे म्हणजे खंयच नाय." तिने पुस्तक माझ्यापुढे आपटलं. "शोध."

शोधलं. सासू ओरडत होती, टोमणे मारत होती, हे खरं. पण सून उशिरा घरी येते तेव्हा दर वेळी चुलीजवळ तिचं ताट झाकून ठेवलेलं असतं. ते कोण झाकतं, हे लेखकाने कुठेच सांगितलं नव्हतं. घरात तर दोघीच होत्या. माझी चारही पानं कचऱ्यात गेली.

तीन आठवडे मी तो निबंध लिहीत होते. मावशीने उत्तर एकदाही सांगितलं नाही. एकदा पेन चावत वर बघत बसले होते तर कडाडली, "पुस्तक समोर आसा नि तू पंख्याक काय बघतंस गो?" पानावर आहे ते आधी बघायचं, मग तोंड उघडायचं, एवढं मी तिथे शिकले. आज मला लोक लेखिका म्हणतात ते तेवढ्या एका भांडवलावर.

मे महिन्यात पुस्तकांची मोजणी असायची, तेव्हा मी तिच्या मदतीला बसायचे. रजिस्टरमधलं पुस्तक कपाटात सापडलं की तिची बारीक टिक. नाही सापडलं तर समासात छोटं शून्य. मी म्हटलं, "मावशी, चोराचा पत्ता नाही लावायचा?" ती म्हणाली, "आरडाओरड करूची नाय. शून्य घालूचा. ज्येणां नेल्यान, त्येका म्हायत आसता."

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. कॉलेजच्या स्टेजवर माझा सत्कार झाला. मी माइकसमोर म्हणाले, "हे सगळं सरांच्या मार्गदर्शनामुळे." सरांनी तो निबंध वाचलाही नव्हता, फक्त पाकिटात घालून पाठवला होता. शाल आणि नारळाचं तबक धरून मावशी माझ्या शेजारीच उभी होती. खाली उतरल्यावर म्हणाली, "बरां बोललंस." बस. तेव्हा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुधारले असते, असं आता म्हणायला माझं काय जातं!

पुढे माझं पुस्तक निघालं. पहिलाच लेख तो निबंध. दादरला प्रकाशन झालं, हारतुरे झाले, आणि प्रती अजून प्रकाशकाच्या माळ्यावर आहेत. ऋणनिर्देश मात्र अडीच पानांचा. त्यात सर होते, प्रस्तावना लिहिणारे होते, नवरा होता, माझं हस्तलिखित वर्षभर दाबून ठेवणारे संपादकही होते. मावशीपाशी आले आणि थांबले. मला तिचं नाव माहीत नव्हतं. तीन वर्षं मी तिला नुसती मावशी म्हणत होते. कॉलेजला एक फोन केला असता तर कळलं असतं. तो मी केला नाही. त्या थोरामोठ्यांच्या रांगेत शिपाईबाई बरी दिसेना, हे खरं कारण. मला तिची लाज वाटली. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

पुस्तक घेऊन लालबागला तिच्या खोलीवर गेले. ती तोवर निवृत्त झाली होती. पदराला हात पुसून तिने पुस्तक घेतलं, उलटंपालटं केलं. "कव्हर घालूक होया," म्हणाली आणि चहा टाकला. आणि कुणी काही विचारलेलं नसताना मी बोलून गेले, "मावशी, तुमचं नाव आहे हं आत."

मी पेन्सिल बाहेर यायची वाट बघत होते. ती नुसती हसली. तिने पान विचारलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सुटले, असं वाटलं मला. ती असेपर्यंत पुन्हा त्या चाळीत पाय ठेवला नाही.

गेल्या महिन्यात ती गेली. बाराव्याला मी गेले. फोटोखाली तिचं नाव लिहिलेलं होतं, ते मी प्रथमच वाचलं. छान नाव होतं. इथे देत नाही. जिथे द्यायचं तिथे दिलं नाही, आता कशाला मिरवू?

तिच्या मुलीने आतून खाकी कव्हर घातलेलं माझं पुस्तक आणलं. "आई चाळभर सांगायची, माझं नाव छापून आलंय म्हणून. पोरांना दाखवायचंय हो मला. मी दोनदा बघितलं, पण सापडतच नाही. कुठल्या पानावर आहे?"

मी ऋणनिर्देश उघडला. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची बारीक टिक होती. सरांना होती, संपादकांना होती, माझ्या नवऱ्यालाही होती. शेवटच्या ओळीशेजारी, समासात, एक छोटं शून्य होतं.

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"पुढच्या आवृत्तीत येणार आहे," मी म्हणाले.